हेब्रॉन : चार महिन्यांत उघडायचा होता तो रस्ता

जानेवारी १९९७ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांनी एका शहरापुरता करार केला. शहर हेब्रॉन, अरबीत अल-खलील. जेरुसलेमच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर डोंगरात वसलेलं, द्राक्षांचे मळे, काचकाम आणि चपला-बुटांच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं. सही करणारं इस्रायली सरकार बेन्यामिन नेतान्याहू यांचं, म्हणजे ओस्लो प्रक्रियेवर, १९९३ पासूनच्या इस्रायल-पॅलेस्टिनी वाटाघाटींवर, टीका करूनच निवडून आलेलं होतं. तरीही क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायली संसदेत, करार ८७ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झाला. सैन्य ठरल्याप्रमाणे मागे सरकलं, पॅलेस्टिनी पोलीस शहरात आले, यासर अराफात यांनी हेब्रॉनमध्ये येऊन लोकांपुढे भाषण केलं.

म्हणजे इथे वाटाघाटी फसल्या नाहीत. दोन्ही बाजू टेबलावर बसल्या, कागद तयार झाला आणि त्यातला बराचसा भाग अंमलातही आला. आणि आज त्याच शहराच्या जुन्या भागात शेकडो दुकानांची शटर गंजून गेली आहेत, घरांचे दरवाजे वेल्डिंग करून बंद केले आहेत आणि मुख्य बाजारपेठेच्या रस्त्यावर पॅलेस्टिनी माणसाला पायी चालायलाही बंदी आहे. शांततेच्या शक्यतेचा विचार करायला मला म्हणूनच २००० सालच्या कॅम्प डेव्हिडच्या फसलेल्या वाटाघाटींपेक्षा हेब्रॉन जास्त उपयोगी वाटतं. कॅम्प डेव्हिडला काय होऊ शकलं असतं यावर आजही वाद चालतात. हेब्रॉनमध्ये काय झालं ते रस्त्यावर उभं राहून दिसतं.

एक थडगं, दोन स्मृती

शहराच्या मध्यभागी हेरॉद राजाच्या काळातल्या, दोन हजार वर्षं जुन्या प्रचंड दगडी भिंतींची वास्तू आहे. अब्राहम, सारा, इसहाक, रिबेका, याकोब आणि लेआ यांची थडगी तिथे आहेत अशी श्रद्धा आहे. ज्यूंसाठी ही मखपेलाची गुहा. अब्राहमाने ती चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतली, असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. मुसलमानांसाठी ही इब्राहिमी मशीद, शतकानुशतकं नमाजाची जागा. तेराव्या शतकात मामलुक सुलतान बैबर्सने ज्यूंना आत जायला मनाई केली, आणि पुढे सातशे वर्षं त्यांना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच येता येत असे. ज्यू माणसाला हे सांगावं लागत नाही, त्याला ते पाठ असतं.

त्याला १९२९ सुद्धा पाठ असतं. जेरुसलेममधल्या पश्चिम भिंतीवरून पेटलेला तंटा अफवांवर स्वार होऊन हेब्रॉनला पोचला आणि २४ ऑगस्टला जमावाने ६७ ज्यूंना मारलं. पिढ्यान्पिढ्या अरब शेजाऱ्यांबरोबर राहणारी कुटुंबं त्यात होती, येशिवाचे, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेचे, विद्यार्थी होते. अनेक अरब घरांनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं. वाचलेल्यांना ब्रिटिशांनी शहराबाहेर हलवलं. काही कुटुंबं नंतर परतली, पण १९३६ मध्ये त्यांनाही काढण्यात आलं, आणि हेब्रॉनमधला जुना ज्यू समाज संपला.

१९४८ ते १९६७ शहर जॉर्डनकडे होतं. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने ते घेतलं. पुढच्याच वर्षी वल्हांडण सणाच्या निमित्ताने रब्बी मोशे लेव्हिंगर आणि त्यांचे अनुयायी पार्क हॉटेलात उतरले. सण संपला तरी ते गेले नाहीत. सरकारने त्यांना आधी लष्करी आवारात जागा दिली आणि मग शहराला लागून किर्यात अरबा ही वसाहतच बांधून दिली. १९७९ मध्ये किर्यात अरबातल्या बायका-मुलांनी रात्रीतून शहरातल्या बेत हदासा या जुन्या ज्यू इमारतीत मुक्काम ठोकला. तेव्हाच्या सरकारला हे नको होतं, पण बायका-मुलांना बळाने बाहेर काढायचं कसं, या पेचात महिने गेले. मे १९८० मध्ये त्या इमारतीसमोर पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी सहा ज्यूंना ठार केलं आणि त्यानंतर सरकारने शहरातल्या वसाहतीला रीतसर मान्यता दिली.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. परवानगीशिवाय जाऊन बसायचं, सरकारने कानाडोळा करायचा, मग रक्त सांडलं की त्या रक्ताच्या नावाने तात्पुरतं ठाणं कायमचं करायचं. पुढेही हेच होत गेलं.

वसाहतवाद्यांचा, म्हणजे या वसाहतींत राहणाऱ्या ज्यूंचा, एक दावा मी उडवून लावणार नाही. हेब्रॉनमध्ये १९२९ पूर्वी ज्यूंची घरं आणि जमीन खरोखर होती. पण हाच न्याय लावायचा, तर हैफा, याफा आणि पश्चिम जेरुसलेममध्ये १९४८ पूर्वी घरं असलेल्या पॅलेस्टिनींचं काय? त्यांची मालमत्ता इस्रायलच्या १९५० च्या अनुपस्थितांच्या मालमत्ता कायद्याखाली सरकारजमा झाली आणि ती परत मागायची सोय नाही. जुना मालकीहक्क एकाच समाजाला लागू करायचा, हे हेब्रॉनमधल्या अन्यायाचं मूळ आहे. गंमत नव्हे, दुःख असं की १९२९ पूर्वीच्या त्या ज्यू कुटुंबांच्या वंशजांतही दोन तट आहेत. काहींनी आजच्या वसाहतवाद्यांना पाठिंबा दिला, काहींनी हे आमचे वारस नव्हेत असं जाहीरपणे सांगितलं.

२५ फेब्रुवारी १९९४

ओस्लोचा पहिला करार होऊन पाच महिने झाले होते. रमजानचा शुक्रवार, पहाटेची नमाज. त्याच दिवशी ज्यूंचा पुरीम सण. किर्यात अरबात राहणारा, अमेरिकेतून आलेला डॉक्टर बारूख गोल्डस्टाईन लष्करी गणवेशात, रायफल घेऊन मशिदीत शिरला आणि सजद्यात वाकलेल्या लोकांवर त्याने गोळ्या झाडल्या. २९ जण ठार झाले, शंभराहून जास्त जखमी. वाचलेल्यांनी त्याला तिथेच मारलं. पुढच्या दिवसांतल्या निदर्शनांत लष्कराच्या गोळीबारात आणखी पॅलेस्टिनी गेले.

पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी गोल्डस्टाईनचा अत्यंत कडक शब्दांत धिक्कार केला. मेइर कहाने यांच्या काख या कडव्या ज्यू गटावर बंदी आली, सरन्यायाधीश शमगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आणि मंत्रिमंडळात एक प्रश्न खरोखर चर्चेला आला : शहरातल्या वसाहतवाद्यांना, निदान तेल रुमैदाच्या टेकडीवर कॅराव्हानमध्ये राहणाऱ्या मूठभर कुटुंबांना, आत्ता हलवायचं का? काही मंत्री ठामपणे बाजूने होते. देश हादरलेला होता, जनमत कधी नव्हे इतकं अनुकूल होतं.

राबिन यांनी ते केलं नाही. अनेक रब्बींनी वसाहती हलवण्याविरुद्ध धर्माज्ञा काढल्या, अंतर्गत संघर्षाचे इशारे आले. शिवाय ओस्लोच्या आराखड्यात वसाहतींचा प्रश्न अंतिम वाटाघाटींसाठी राखून ठेवलेला होता आणि राबिन तो आधी उघडायला तयार नव्हते. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, न घेतलेला. कारण वसाहतवाद्यांना हलवायचं नाही असं ठरल्यावर त्यांना सांभाळायचं ठरलं, आणि सांभाळायचं म्हणजे पॅलेस्टिनींना बाजूला करायचं. ज्यांची माणसं मारली गेली त्यांच्यावरच संचारबंदी आली. शुहदा या मुख्य बाजारपेठेच्या रस्त्यावर त्यांच्या गाड्यांना बंदी झाली. भाजीपाल्याचा घाऊक बाजार बंद करण्यात आला. मशीद दुभंगली : इसहाकाचं दालन मुसलमानांकडे, अब्राहम आणि याकोबाची बाजू ज्यूंकडे, वर्षातले ठरावीक दहा दिवस पूर्ण वास्तू एका समाजाला आणि दहा दिवस दुसऱ्याला.

चाळीस दिवसांचं सुतक संपल्यावर ६ एप्रिलला अफुला गावात हमासच्या माणसाने मोटारीतल्या बॉम्बने स्वतःबरोबर आणखी आठ जणांचा जीव घेतला. इस्रायलच्या आत हमासने केलेल्या आत्मघाती हल्ल्यांची मालिका तिथून सुरू झाली. हत्याकांडाने हमासला जन्म दिला नाही, आणि अफुलातल्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांचा हेब्रॉनशी काही संबंध नव्हता. पण वाटाघाटी नको असलेल्या दोन्हीकडच्या लोकांना त्या वसंतात जे बळ मिळालं ते पुन्हा कधी कमी झालं नाही. दीड वर्षात, ४ नोव्हेंबर १९९५ ला, राबिन यांनाही एका ज्यू अतिरेक्यानेच मारलं.

कागदावर काय होतं

१९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारानुसार पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक) मोठ्या शहरांतून इस्रायली सैन्य निघालं, पण हेब्रॉन मागे राहिलं, कारण शहराच्या पोटात वसाहती असलेलं ते एकच शहर होतं. १९९६ च्या सुरुवातीच्या आत्मघाती स्फोटांनी माघार लांबली, मग सरकार बदललं. अमेरिकी दूत डेनिस रॉस यांनी महिनोन्‌महिने खेटे घालून शेवटी जे जमवलं तो हा जानेवारी १९९७ चा करार, हेब्रॉनचा मसुदा.

त्याने शहराचे दोन भाग केले. एच-१, म्हणजे साधारण ८० टक्के शहर, पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, ओस्लोतून उभ्या राहिलेल्या पॅलेस्टिनी स्वशासनाकडे, गेलं. एच-२, म्हणजे उरलेलं २० टक्के, इस्रायली लष्कराच्या ताब्यात राहिलं. जुनं शहर, मशीद, शुहदा रस्ता, सगळ्या वसाहती एच-२ मध्ये. तिथल्या तीस-पस्तीस हजार पॅलेस्टिनींचे नागरी व्यवहार, म्हणजे शाळा, पाणी, कचरा, पॅलेस्टिनी बाजूने पाहायचे, पण सुरक्षेचा अधिकार लष्कराचा. मसुदा इतका बारीक होता की पॅलेस्टिनी पोलीस ४०० असतील, त्यांच्याकडे २० गाड्या, २०० पिस्तुलं आणि १०० रायफली असतील, हेही त्यात लिहिलेलं होतं.

आणि त्यात एक कलम असं होतं : शुहदा रस्त्यावरची वाहनांची ये-जा चार महिन्यांच्या आत टप्प्याटप्प्याने फेब्रुवारी १९९४ पूर्वी होती तशी करायची. घाऊक बाजाराची जागा किरकोळ बाजार म्हणून पुन्हा उघडायची.

रस्त्याच्या डागडुजीला अमेरिकेने पैसे दिले. दगडी फरशी बसली, दिवे लागले. रस्ता मर्यादित वाहतुकीसाठी काही काळ उघडला, पण १९९४ पूर्वीसारखा तो कधीच झाला नाही, आणि २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाल्यावर पूर्ण बंद झाला. चार महिन्यांची मुदत उलटली तेव्हा कोणाकडे दाद मागायची, हे मसुद्यात नव्हतं. आपल्याकडे साध्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारातही मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर काय, याचं कलम असतं. इथे पोलिसांच्या पिस्तुलांची मोजदाद होती, पण वचन मोडल्यास काय याची नव्हती.

एच-१ आणि एच-२ ही विभागणीसुद्धा तात्पुरती होती. अंतरिम काळ ४ मे १९९९ ला संपायचा आणि तोवर अंतिम करार व्हायचा, असा हिशोब होता. ती तारीख आली आणि गेली. अंतिम करार झालाच नाही, म्हणून अंतरिम व्यवस्थाच राहिली, आणि ती आजही लागू आहे.

रस्ता कसा मेला

शुहदा रस्ता हा हेब्रॉनच्या व्यापाराचा कणा होता. उत्तरेकडून बाब अल-झाविया चौकातून निघून मशिदीकडे जाणारा, बसस्थानक, भाजीबाजार, सोनार, कापडवाले, सगळं या एका पट्ट्यात. दुसऱ्या इंतिफाद्यात इथे दोन्ही बाजूंनी माणसं मेली. मार्च २००१ मध्ये अबू स्नेनाच्या टेकडीवरून झाडलेल्या बंदुकीच्या गोळीने दहा महिन्यांची ज्यू मुलगी ठार झाली. नेम धरून मारलेली ती गोळी होती. नोव्हेंबर २००२ मध्ये किर्यात अरबाच्या वाटेवरच्या चकमकीत बारा इस्रायली सैनिक आणि सुरक्षा कर्मचारी मारले गेले. लष्कराने दरवेळी उत्तर म्हणून पॅलेस्टिनींची हालचाल आणखी आवळली. इंतिफाद्याच्या पहिल्या तीन वर्षांत शहराच्या मध्यभागी एकूण ३७७ दिवस संचारबंदी होती, त्यात सलग १८२ दिवसांची एक, मधेमधे सामान आणायला काही तास सूट.

१८२ दिवस दुकान उघडता आलं नाही तर दुकानदार काय करेल? बेत्सेलेम ही इस्रायली मानवाधिकार संस्था आणि तिथलीच नागरी हक्क संघटना यांनी २००७ मध्ये घरोघर, दुकानोदुकान पाहणी करून उत्तर मांडलं. शहराच्या मध्यभागातली पॅलेस्टिनींची १,०१४ घरं रिकामी झालेली होती, म्हणजे शंभरातली बेचाळीस. १,८२९ दुकानं बंद होती, शंभरातली सत्त्याहत्तर. त्यातली ४४० लष्करी हुकमाने बंद, बाकीची गिऱ्हाईकच येऊ शकत नाही म्हणून. हुकमाने जेवढं मेलं त्याच्या तिप्पट आपसूक मेलं. लोकांना कोणी ट्रकमध्ये घालून नेलं नाही. जगणं एवढं अवघड केलं की ते उठून एच-१ मध्ये गेले.

जे राहिले त्यांच्या घरांचे रस्त्याकडचे दरवाजे बंद असल्याने काहींना गच्चीवरून, शिडीवरून, शेजाऱ्याच्या मागच्या अंगणातून ये-जा करावी लागते. आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर रुग्णवाहिका दारात येत नाही, आधी परवानगी, मग नाक्यापर्यंत उचलून नेणं. जुन्या बाजाराच्या अरुंद गल्लीत दुकानदारांनी डोक्यावर तारेच्या जाळ्या बांधल्या आहेत, कारण वरच्या मजल्यांवरच्या वसाहतीतून खाली कचरा, दगड, बाटल्या फेकल्या जातात. जाळीत अडकलेला तो कचरा मान वर केली की दिसतो. नाक्यांवर लोखंडी फिरते दरवाजे आहेत, आणि अलीकडे चेहरा ओळखणारी यंत्रणाही. २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने तिच्यावर सविस्तर अहवाल काढला.

याच भागात सातशे-आठशे वसाहतवादी राहतात. त्यांना इस्रायलचा नागरी कायदा लागू, शेजारच्या पॅलेस्टिनीला लष्करी कायदा आणि लष्करी न्यायालय. एकाच गल्लीत दोन मुलांनी एकमेकांना दगड मारले, तर त्यांचे खटले दोन वेगळ्या जगांत चालतात.

आणि सैनिक? अठरा-वीस वर्षांची मुलं. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत कोकणातून गेलेली, घरात अजून मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबं आहेत. सैन्यसेवा त्यांच्या मुलामुलींनाही सक्तीचीच. या मुलांना हेब्रॉनमध्ये जे करायला लावलं जातं त्याचा हिशोब पहिल्यांदा मांडला तोही सैनिकांनीच. तिथे सेवा केलेल्या तरुणांनी २००४ मध्ये तेल अवीवमध्ये छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि त्यातून ब्रेकिंग द सायलेन्स ही संघटना उभी राहिली. मार्च २०१६ मध्ये तेल रुमैदात सुरीहल्ला करून जखमी होऊन रस्त्यावर पडलेल्या पॅलेस्टिनीला एलोर अझारिया या सैनिकाने डोक्यात गोळी घातली. शेजारच्या एका रहिवाशाने त्याचं चित्रीकरण केलं नसतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली, ती कमी होऊन प्रत्यक्षात नऊ महिनेच भोगावी लागली, आणि देशातला एक मोठा वर्ग त्याच्या बाजूने रस्त्यावर आला.

कोण वर आलं

अशा व्यवस्थेत राजकारणाचं काय होतं, हे दोन माणसांवरून कळतं. १९९४ मध्ये बंदी आलेल्या काख गटाच्या युवा शाखेत वाढलेले, घराच्या भिंतीवर गोल्डस्टाईनचा फोटो लावणारे, किर्यात अरबाचे रहिवासी इतमार बेन-ग्वीर डिसेंबर २०२२ मध्ये इस्रायलचे राष्ट्रीय सुरक्षामंत्री झाले. पोलीस खातं त्यांच्या हाती आलं. आणि २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत हेब्रॉनच्या पॅलेस्टिनींनी महापौर म्हणून फतह पक्षाच्या तैसीर अबू स्नेना यांना निवडलं. १९८० मध्ये बेत हदासासमोर सहा ज्यूंना मारणाऱ्या गटात ते होते, त्याबद्दल शिक्षा झाली होती आणि १९८३ च्या कैदी अदलाबदलीत सुटले होते.

दोघांची तुलना समसमान नाही. एकाच्या हातात राज्ययंत्रणा आली, दुसऱ्याच्या हातात पाणीपट्टी आणि कचऱ्याच्या गाड्या. पण मतदारांनी कोणत्या गोष्टीला शौर्य मानलं, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

याच शहरात इसा अमरो आहेत. 'यूथ अगेन्स्ट सेटलमेंट्स' या त्यांच्या गटाने तेल रुमैदात शस्त्राविना विरोधाची चळवळ चालवली : कॅमेरे वाटले, बंद रस्त्यासाठी दरवर्षी मोर्चे काढले. त्यांना इस्रायली लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलं आणि पॅलेस्टिनी प्राधिकरणानेही अटक केली. २०२४ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. आणि हेब्रॉन पुनर्वसन समितीने १९९६ पासून जुन्या शहरातली पडकी मामलुककालीन घरं दुरुस्त करून त्यात भाडेकरू कुटुंबं परत आणली. या कामाला १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. ही माणसं रोज जे करतात त्याला मी शांततेचं काम म्हणतो. परिषदांमध्ये मात्र त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं जातं.

साक्षीदार

हत्याकांडानंतर १८ मार्च १९९४ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ९०४ मंजूर केला आणि हेब्रॉनमध्ये तात्पुरती आंतरराष्ट्रीय उपस्थिती नेमण्याची मागणी केली. १९९७ पासून नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, इटली, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान या सहा देशांचे निरीक्षक शहरात फिरत. शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर नाक्यावर उभे राहत, घटना टिपून ठेवत. त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं, पोलिसी अधिकार नव्हता. त्यांचे अहवाल दोन्ही बाजूंना आणि त्या सहा देशांना जात, लोकांसमोर येत नसत. तरी नुसत्या त्यांच्या असण्याने काही दगड हातातच राहिले, असं स्थानिक लोक सांगतात. सहा महिन्यांनी मुदतवाढ लागे आणि ती दोन्ही बाजूंच्या संमतीने. जानेवारी २०१९ मध्ये नेतान्याहू यांनी मुदतवाढ नाकारली आणि बावीस वर्षांचं काम एका निवेदनाने संपलं.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने दक्षिण इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशे जणांना ओलीस नेलं. हेब्रॉनमधल्या कोणाचा त्यात हात नव्हता, पण त्याच दिवसापासून एच-२ मधल्या अनेक वस्त्यांतल्या कुटुंबांना घरात कोंडण्यात आलं. पुढे आठवड्यातून काही ठरलेल्या तासांपुरतंच बाहेर पडू दिलं. ती वेळ चुकली तर मुक्काम बाहेर. निरीक्षक असते तर त्यांनी निदान नोंद तरी केली असती.

गाझाच्या नकाशावर

हेब्रॉनचं शेवटी काय व्हायचं याबद्दल गंभीर प्रस्तावांत फारसं दुमत कधीच नव्हतं. २००८ मध्ये इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना दाखवलेल्या नकाशातही हेब्रॉन आणि किर्यात अरबा इस्रायलमध्ये नव्हतं. मशिदीत दोन्ही समाजांना सुरक्षित प्रवेश, बाकी शहर पॅलेस्टाईनचं, साधारण हेच उत्तर त्या प्रस्तावांत दिसतं. वसाहती हलवता येत नाहीत असंही नाही : ऑगस्ट २००५ मध्ये इस्रायलने गाझातल्या २१ वसाहतींतून सुमारे आठ हजार लोकांना काही दिवसांत बाहेर काढलं. फक्त ते एकतर्फी केलं, समोर करार करायला कोणी आहे असं मानलंच नाही. दोन वर्षांत गाझा हमासकडे गेलं, आणि सर्वसाधारण इस्रायली माणसाने त्यातून धडा घेतला की माघार म्हणजे रॉकेट. ही भीती खरी आहे. ती बाजूला सारून केलेली कोणतीही मांडणी इस्रायलमध्ये टिकणार नाही.

म्हणून अडचण उत्तराची नाही, उत्तरापर्यंतच्या काळाची आहे. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम किनाऱ्यावर सव्वा लाखाच्या आत वसाहतवादी होते, आज पाच लाखांवर आहेत. अंतरिम काळाचं प्रत्येक वर्ष एका बाजूला फुकट मिळालं आणि दुसऱ्या बाजूला महाग पडलं. ज्याला थांबण्याची किंमत मोजावी लागत नाही तो वाटाघाटीला का बसेल? आणि ज्याला थांबून सगळंच गमवावं लागतं, त्याच्यातल्या तरुणाला अमरोंचा मार्ग पटवायचा कसा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धबंदी झाली. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार तोवर ६७ हजारांहून अधिक माणसं मेली होती. उरलेले जिवंत ओलीस घरी आले. इस्रायली सैन्य एका पिवळ्या रेषेमागे सरकलं आणि त्या रेषेपलीकडे गाझाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या ताब्यात राहिला. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ मंजूर केला : आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल, त्यावर देखरेखीला एक मंडळ, या सगळ्याची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. पॅलेस्टिनी प्राधिकरणात सुधारणा झाल्या आणि पुनर्बांधणी पुढे सरकली, तर राष्ट्राकडे जाणारा विश्वासार्ह मार्ग खुला होऊ शकेल, असं त्यात म्हटलं आहे.

हेब्रॉन माहीत असलेल्या माणसाचं लक्ष त्यातल्या एका वाक्यावर जातं. सैन्याने पिवळ्या रेषेवरून पुढची माघार कधी घ्यायची, याचे निकष, टप्पे आणि मुदती निःशस्त्रीकरणाशी जोडून नंतर ठरवायच्या आहेत. ठरवणारे कोण, तर इस्रायली सैन्य, ते स्थैर्य दल, हमीदार देश आणि अमेरिका. मजकुरात माघारीची तारीख नाही. निःशस्त्रीकरण पूर्ण झालं की नाही यावर मतभेद झाला तर निवाडा कोणी करायचा हे नाही. हमासने शस्त्रं ठेवायला नकार दिला, तर त्याचा भार तंबूत राहणाऱ्या कुटुंबावर किती पडू द्यायचा, हेही नाही. हे दल आणि मंडळ जे पाहतील ते लोकांसमोर मांडायचं बंधन घालता येईल, रेषेपलीकडे एकही नवी वसाहत किंवा कायम ठाणं उभारायचं नाही असं लिहून घेता येईल, आणि प्रत्येक टप्प्याला तारीख व ती चुकल्यास होणारी कारवाई जोडता येईल. हमीदार म्हणून सह्या करणारे देश, कतार, इजिप्त, तुर्कस्तान आणि सगळ्यात आधी अमेरिका, यांना हे आज मागता येतं. तुर्कस्तानचे निरीक्षक तर हेब्रॉनच्या रस्त्यांवर स्वतः फिरलेले आहेत. २०२७ च्या डिसेंबरपर्यंत हे मागितलं गेलं नाही, तर पिवळी रेषा पुसायची जबाबदारी कोणाचीच राहणार नाही.